एकतीस गुणांची साधना

साधना अंजनगाव सुर्जीची, माझी शाळेतली विद्यार्थिनी. वडिलांचा पानमळा होता. वेलींना पाणी कधी आणि किती द्यायचं, हे सातवीतच तिला माझ्यापेक्षा चांगलं कळायचं. वर्गात ती उत्तर द्यायला उठली की भांडायलाच उठली असं नव्या शिक्षकांना वाटे. ती भांडत नसे. तिचा आवाजच तसा.

पुढे कृषी पदविका घेऊन ती अमरावतीला एका कंपनीच्या सल्ला केंद्रात लागली. भाजीपाला, फळं, फुलं पिकवणारी माणसं फोन करतात आणि ती उपाय सांगते. तिचा पहिला प्रश्न मात्र रोगाचा नसतो. जेवलात का, असा असतो, कारण उपाशीपोटी फवारणी करू नये. मग वाऱ्याचा. कोणी वाऱ्याकडे तोंड करून फवारतोय असं कळलं की तिचा तोल जातो.

"घरी लेकरं हायेत ना? मंग मराची एवढी घाई काहून करून राहिले? पहिले फडकं बांधा तोंडाले, मंग बोला माह्याशी."

लोक फडकं बांधत आणि पुन्हा फोन करत.

मागच्या वर्षी कंपनीने सगळे फोन ऐकून गुण देणारा संगणक बसवला. नम्रतेला शंभरपैकी गुण. सलग तीन महिने साठच्या खाली राहिलं की नोकरी संपली, आणि तसं पत्रही संगणकच पाठवणार. साधनाला पहिल्या महिन्यात एकतीस मिळाले, दुसऱ्यात तेहतीस. घरी आजारी आई आणि मिळवती ही एकटीच.

ती माझ्याकडे आली. मी तिला आठ दिवस 'कृपया' आणि 'आपण' शिकवलं, सावकाश बोलायला लावलं. तिसऱ्या महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात ब्याऐंशी गुण पडले. मला माझ्या शिकवण्याचा अभिमान वाटला, हे कबूल करते.

त्याच आठवड्यात मूर्तिजापूरकडच्या शालिकरामने वांग्यावरच्या अळीसाठी फोन केला आणि दोनदा मध्येच ठेवून दिला. तिसऱ्यांदा तो बायकोला सांगताना साधनाला ऐकू आला, "टेपच लागून राहिली. माणूस नाही तेथं."

साधनाने स्वतःहून फोन लावला. "शालिकरामभाऊ, टेप नाही, मी साधना. फडकं बांधलं काय?"

"मंग असं बोल ना, माय. मले वाटलं, तुले काढून टाकलं."

फडकं बांधलं नव्हतं. अर्धं वावर फवारून झालं होतं आणि त्याला गरगरत होतं. तिने रागावूनच त्याला दवाखान्यात धाडलं. तो दोन दिवसांत बरा झाला, पण त्या दिवसापासून साधनाने माझं 'कृपया' सोडून दिलं. महिनाअखेर एक्केचाळीस गुण आणि पत्र.

केंद्राचा प्रमुख देवानंद अकोल्याच्या जुन्या शहरातला, गोड बोलणारा म्हणून ओळखला जाणारा माणूस. तो म्हणाला की आपल्या हातात काही नाही. मशीन कोणाचं नाव पाहत नाही, गाव पाहत नाही, सगळ्यांना सारखंच मोजतं. साधनाने वाद घातला नाही. शेतकऱ्यांशी त्याचं स्वतःचं जे बोलणं रेकॉर्ड झालं होतं, ते एकदा मशीनला ऐकवा, एवढंच ती म्हणाली. त्याने हसत ऐकवलं.

अठ्ठावीस.

देवानंदने आकडा पुन्हा वाचला. मग म्हणाला, "माह्यी माय तं पंधरा गुणातच जाईन."

त्याने चौकशी केली तेव्हा कळलं, की नम्र बोलणं कसं असतं हे मशीनला पुण्या-नाशिककडचे फोन ऐकवून शिकवलं होतं. वऱ्हाडातली माया त्याच्या कानावर कधी पडलीच नव्हती. सगळ्यांना सारखं मोजत होतं हे खरं, पण माप तिकडचं होतं. देवानंदने पत्र थांबवलं आणि वर कळवलं. दोन महिने उत्तर नव्हतं. आता इकडचे फोन तीन माणसं ऐकून गुण देतात, त्यांतला एक शेतकरी असतो.

मागच्या महिन्यात साधनाला अठ्ठ्याहत्तर मिळाले. समोरच्याचं पुरतं ऐकून घेत नाही, म्हणून गुण कापले होते. मी विचारू लागले, की या वेळी तरी तुला हे पटलं...

"पटलं ना, बाई. थे खरं हाये. मी मधातच बोलते," ती म्हणाली, माझं वाक्य पुरं व्हायच्या आत.