केलन वीबचे रविवारचे फोन

कॅनडातल्या रेवन ब्लफ गावात खोटं बोलणारी माणसं दोनच प्रकारची. गहू किती आला ते कमी करून सांगणारी, आणि मासा केवढा लागला ते वाढवून सांगणारी. ओरिसिया ह्नात्युक गहूही पिकवत नव्हती आणि मासेही धरत नव्हती, म्हणून तिच्या शब्दावर गावाचा डोळे झाकून विश्वास.

बाई सत्तरी ओलांडलेली. नवरा मिखाइलो जाऊन बरीच वर्षं झालेली. चर्चच्या स्वयंपाकघरात पेरोगीचं, म्हणजे बटाटा भरून उकडायच्या करंज्यांचं, पीठ सैल झालं की घट्ट, याचा निवाडा तिचा. गावातली तरुण मंडळी तिला तेता म्हणत, म्हणजे मावशी. पण तिचा खरा मान नादिनच्या कॅफेतल्या मोठ्या टेबलावर. तिथे रोज सकाळी शेतीतून मोकळे झालेले म्हातारे जमत, सगळ्यांची कॉफी कोणाच्या अंगावर ते फासे टाकून ठरवत, आणि देश कसा चालवावा हे कोणी न विचारता सांगत. त्या टेबलाशी बायका बसत नसत. बायकांचं टेबल खिडकीजवळ, आणि मिखाइलो असेपर्यंत ओरिसियाही तिथेच बसायची. मोठ्या टेबलाशी तिच्यासाठी खुर्ची ओढली गेली ती केलन वीबमुळे.

केलन सोळाव्या वर्षी गावच्या ज्युनियर आइस हॉकी संघात खेळायला आला. अशी लांबून आलेली पोरं गावातल्याच कोणाकोणाच्या घरी राहतात. घर आपलं समजून राहा असं त्यांना सांगितलं जातं, आणि ती खरोखरच तसं समजून फ्रिज रिकामा करतात. केलन ओरिसियाच्या तळघरातल्या खोलीत तीन हिवाळे राहिला. पुढे शहरातल्या मोठ्या संघाने, बायसन्सने, त्याला उचललं, आणि तो असा काही खेळायला लागला की गावात केलन नावाची चार पोरं, दोन कुत्री आणि एक वळू झाला.

पहिल्या वर्षी तो दर रविवारी ओरिसियाला फोन करायचा. मग महिन्यातून एकदा. मग नाताळला. मग नाताळला छापील कार्ड यायला लागलं, त्यावर सहीसुद्धा छापील. पोराचं काही चुकलं असं नाही. बर्फावरून उतरायचं ते विमानात चढायचं, असा त्याचा संसार. पण एका सोमवारी लॉर्न पेडरसनने फासे हातात खुळखुळवत विचारलं, "काय गं ओरिसिया, काल काय म्हणाला आपला पोरगा?"

लॉर्न म्हणजे त्या टेबलाचा पाटील. जन्मभर धान्याच्या गोदामावर माणसं आणि ट्रक रांगेत उभे केलेला, त्यामुळे त्याने विचारलं की उत्तर द्यायचं, असा रिवाज. फोन काही आला नव्हता. पण सगळे चेहरे तिच्याकडे वळलेले, आणि केलनची लाज राखायची की आपली, हेही तिला त्या क्षणी नीट कळलं नाही.

"पावसाची चौकशी करत होता," ती म्हणाली.

"बघा!" वॉल्टर सावचुकने टेबलावर थाप मारली. "एवढा मोठा झाला, पण पाऊस विसरला नाही. नाहीतर माझा जावई. शेतात उभा राहून विचारतो, हे काय पेरलंय म्हणून!"

खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. ओरिसियाच्या कपाळी मात्र फुकटची कॉफी आली. पुढच्या सोमवारी पुन्हा विचारणा, पुन्हा उत्तर. सहा वर्षं हे चाललं. बाईला खेळ चांगला कळत होता. टीव्हीवर केलन डावा खांदा जपून खेळतोय असं दिसलं की सोमवारी ती म्हणायची, "खांदा दुखतोय म्हणाला." बुधवारच्या पेपरात तेच छापून यायचं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, पण टेबलावर तिची पत पेपरच्या वर गेली.

खरं सांगायचं तर त्या फोनांची सवय गावाइतकीच तिलाही लागली होती. रविवारी दुपारी भांडी विसळताना तो काय म्हणेल, आपण काय म्हणू, हे ती मोठ्याने बोलून बघायची. कधी कधी तर त्याला रागवायचीसुद्धा.

या वर्षी केलनचा बायसन्सशी असलेला करार संपत होता. एक जुलैला सकाळी दहाच्या ठोक्याला तो मोकळा होणार, मग हव्या त्या संघाशी सही करायला त्याची वाट खुली. प्रांतभर लोक धास्तावून दिवस मोजत होते. रेवन ब्लफ तेवढं निवांत होतं, कारण रेवन ब्लफकडे ओरिसिया होती.

"राहतोय ना?" लॉर्नने मे महिन्यातच विचारलं. "नाही, म्हणजे हायवेवर मोठी पाटी लावायची म्हणतोय आम्ही. 'केलन वीबचं गाव'. एक जुलैला, कॅनडा डेच्या पॅनकेकच्या न्याहारीनंतर पडदा काढायचा. उगाच फजिती नको."

ओरिसियाने कॉफीत साखर घातली. ती साखर घेत नसे. "बघू म्हणाला," तिने सांगून पाहिलं.

"बघू म्हणजे काय? हो की नाही?"

"तेता, मी कुठे जातोय, असं म्हणाला."

झालं. पाटी रंगवायला गेली.

एक जुलैला सगळं गाव हॉकीच्या रिंकवर जमलं. उन्हाळ्यात तिथे बर्फ नसतो, नुसती फरशी. तिच्यावर टेबलं मांडलेली. लॉर्न बायसन्सची जर्सी घालून तव्यावर पॅनकेक उलटत होता, जर्सीच्या पाठीवर 'वीब'. भोंग्यावर रेडिओ लावलेला. दहा वाजले, आणि सरबताचा पेला भरायच्या आत निवेदकाने सांगून टाकलं: केलन वीब, सात वर्षं, फ्लोरिडा.

लॉर्न तवा विसरला. तव्यावरचे पॅनकेक काळे पडले.

"फ्लोरिडा?" वॉल्टरला कळेचना. "तिथे बर्फ फक्त पेल्यात असतो!"

मग एकदम गलका उठला. त्याला म्हणे कधीच मागे येऊन बचाव करायला आवडत नव्हतं. त्याचा डावा हात पहिल्यापासून कच्चाच. कालपर्यंत ज्याला देवाने घडवलं होतं, त्याच्यात पंधरा मिनिटांत एकही गुण उरला नाही. लॉर्नने जर्सी काढली, पण आत घातलेल्या गंजीला भोकं होती, म्हणून तीच उलटी करून पुन्हा घातली. आता नाव त्याच्या अंगाला टोचत होतं. बाहेर पाटीवरचा कापडी पडदा काढण्याऐवजी दोघांनी तो आणखी दोरी आणून करकचून आवळला. वळूच्या मालकाने जाहीर केलं की वळूचं नाव उद्यापासून बदलेल, पण तो ऐकेल याची खात्री नाही.

आणि मग नादिन म्हणाली, "पण त्याने तेताला स्वतः सांगितलं होतं की!"

सगळं गाव ओरिसियाकडे वळलं. चोराच्या मनात चांदणं. आता आपलं बिंग फुटलं, खुर्ची गेली, असं समजून तिने डोळे मिटले. उघडले तर समोर लॉर्न उभा, हातात उलथनं, डोळ्यांत पाणी.

"तुला फसवलं गं त्याने," तो म्हणाला. "आम्हाला फसवलं ते सोड. पण तुला?"

त्या संध्याकाळपासून तिच्या घरी भांडी यायला लागली. चीज घातलेले बटाटे, कोंबडीभात, खजुराच्या वड्या. दुखवट्याच्या घरी येतात तशी, झाकणावर चिकटपट्टी आणि पट्टीवर मालकिणीचं नाव. बायका दारातच तिला मिठी मारत आणि "बोलून मोकळी हो" म्हणत. तिलाही मोकळं व्हायचं होतं. पण तोंड उघडलं की समोरची बाई रडायला लागायची.

इथपर्यंत तिने कदाचित निभावून नेलं असतं. पण लॉर्नने शहरातल्या खेळाच्या रेडिओवर फोन लावला आणि सगळ्या प्रांताला ऐकवलं: पैशासाठी गेला त्याचं एक वेळ चालेल, पण ज्या विधवेच्या हातचं तीन वर्षं खाल्लं तिच्याशी हा दर रविवारी खोटं बोलत होता! रेडिओवाल्यांना आयतंच मिळालं. दोन दिवसांत केलन वीब म्हणजे म्हातारीला फसवणारा माणूस, असं पार पूर्वेकडच्या पेपरांत आलं.

हे मात्र ओरिसियाच्या जिव्हारी लागलं. पोरगा आळशी होता, पसारेवाला होता, खाताना घास मोजत नसे. पण खोटं कधी बोलला नव्हता. एकदा तिची कोबीच्या लोणच्याची बरणी फोडली तर रात्रभर झोपला नाही, सकाळी स्वतः येऊन सांगितलं. आणि आता खोटं बोललो आपण, आणि शिव्या खाणार तो. चूक एकाची, शिक्षा दुसऱ्याला. तिने ठरवलं, गेली खुर्ची तर जाऊ दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चर्चला जायचा कोट घालून कॅफेत गेली आणि बसलीच नाही.

"ऐका," ती म्हणाली. "केलनने मला फोन केलाच नव्हता. आत्ता नाही, मागच्या वर्षी नाही, सहा वर्षांत एकदाही नाही. मी मनाने सांगत होते. पाऊस, खांदा, सगळं. राहतोय हेही मीच सांगितलं. तो खोटं बोललेला नाही. मी बोलले."

फासे थांबले. वॉल्टरने टोपी काढली.

"बघितलंत?" लॉर्न सगळ्यांकडे वळला. "याला म्हणतात आई. स्वतःचं नाव खराब करून घेईल, पण पोराला बोल लागू देणार नाही."

"अरे लॉर्न, मी खरं सांगतेय!"

"हो गं बाई, हो. बस तू."

"खांद्याचं तू बुधवारच्या आधी सांगितलं होतंस," वॉल्टर समजुतीने म्हणाला. "ते काय मनाने सांगता येतं?"

"टीव्हीवर दिसत होतं रे, गाढवा!"

"आम्हीही टीव्हीच बघतो. आम्हाला नाही दिसलं."

पालथ्या घड्यावर पाणी. सहा वर्षं खोटं बोलली तर एकाने शंका घेतली नाही, आणि आज खरं बोलली तर एक जण ऐकेना. नादिनने तिला खांदे धरून खुर्चीत बसवलं आणि पुढ्यात ॲपल पायचा तुकडा ठेवला, न मागितलेला, वर आइस्क्रीम घालून.

तेवढ्यात वॉल्टरने रेडिओ मोठा केला. फ्लोरिडात केलनची पत्रकारांशी गाठभेट चालली होती. नवी जर्सी घातली, आनंद झाला, हवा छान आहे, असं सगळं होऊन गेलं आणि मग एका बाईने विचारलं: तुमच्या गावचे लोक म्हणतात की ज्यांच्या घरी तुम्ही राहिलात त्या ओरिसिया ह्नात्युकना तुम्ही दर रविवारी फोन करत होतात, आणि जाणार नाही असं सांगितलं होतंत. हे खरं आहे?

रेडिओवर काहीच येईना. बॅटरी गेली की काय म्हणून वॉल्टरने तो हलवला. ओरिसियाला वाटलं, आता सुटलो आपण दोघं. आता तो नाही म्हणेल.

"दर रविवारी?" केलनचा आवाज आला. मग तो म्हणाला, "हो. करत होतो. आणि जाणार नाही असं मीच सांगितलं होतं. चूक माझी आहे. त्यांना कोणी काही विचारू नका, प्लीज."

लॉर्नने टेबलावर मूठ आपटली. "कबूल केलं! आता बोल! अजून पांघरूण घालणार आहेस त्याच्यावर?"

ओरिसिया रडायला लागली. टेबलावरच्या सगळ्यांना ती का रडते ते ठाऊक होतं, आणि सगळ्यांचंच चुकत होतं. रागाच्या भरात लॉर्नने फासे न टाकताच सगळ्यांची कॉफी दिली. असं गावात कोणाला आठवत नव्हतं.

ती घरी आली ती कोट न काढताच फोनपाशी गेली. केलनचा नंबर तिच्याकडे पहिल्यापासून होता. आपण लावावा असं कैकदा मनात यायचं, आणि दर वेळी मान आडवा यायचा. आज मान कुठे शिल्लक होता? तिने आकडे फिरवले. बराच वेळ वाजल्यावर तिकडून आवाज आला.

"तेता?"

"खोटं का बोललास तू?" ती ओरडलीच.

"तू आधी बोललीस."

"मी मूर्ख म्हातारी आहे! तुला सगळे नावं ठेवतायत, लबाड म्हणतायत!"

"तसंही इतकं काय काय म्हणतायत. त्यात आणखी एक." तो हसला आणि मग हसायचा थांबला. "आणि फोन करायलाच हवे होते मी. नाही केले."

ओरिसियाने कोटाच्या बाहीने डोळे पुसले. तिकडे मागे कोणीतरी त्याला गाडी आलीय म्हणून हाका मारत होतं. त्याने हातानेच त्यांना थांबवलं असावं, कारण हाका बंद झाल्या.

"तेता, एक कर. मी सहा वर्षं तुझ्याशी काय काय बोलत होतो, ते सगळं सांग मला. उद्या कोणी विचारलं तर माहीत नको का?"

तिने कोट काढला, खुर्ची ओढली आणि बसली.

"वेळ लागेल रे," ती म्हणाली.

"लागू दे," केलन म्हणाला.