लोह्याच्या गाडीला बोर मारायचा होता

मागच्या फेब्रुवारीतल्या एका सोमवारी सकाळी दहा वाजता लोह्याजवळच्या एका खेड्यातून अठरा वर्षं जुनी, शंभर सीसीची एक मोटारसायकल माझ्या नांदेडच्या गॅरेजात टेम्पोतून आली. तक्रार एकच होती : गाडी इंजिन ऑइल पिते. गाडी बंद नव्हती. मालकाच्या मुलानं ती चालवायला मनाई केली होती, म्हणून टेम्पो.

मालक दिगंबरराव, वय एकाहत्तर, शेती करतात. मुलगा विलास, लातूरला कापडाचं दुकान चालवतो. दोघे टेम्पोत शेजारी बसून आले.

विलासनं सुरुवात केली. "मुनीरभाई, महिन्याला अर्धा लिटर ऑइल घेऊन राहिली. धूर असा, की मागच्याला वाटतं फवारणी चालू हाय. लातूरच्या मिस्त्रीनं सांगितलं, बोर मारावा लागतो."

पिस्टन ज्या नळीत वर-खाली होतो, ती वर्षानुवर्षं घासून झिजते. मग ती आतून कातून मोठी करतात आणि मापाचा मोठा पिस्टन बसवतात. गॅरेजात याला बोर मारणं म्हणतात.

"वावरात दोन मारले," दिगंबरराव म्हणाले. "दोन्ही कोरडे गेले. आता गाडीत मारायचा?"

"अण्णा, हा बोर वेगळा," विलास म्हणाला.

"माहीत हाय. पन मारनारे तेच. लागतंय, लागतंय म्हनत खाली जातेत."

बापलेकांचं घरीच ठरलं होतं. इंजिन उघडावं लागलं तर गाडी भंगारात जाणार. न उघडता दुरुस्त झाली तर दिगंबररावांकडे राहणार. या वयात त्यांनी गाडी चालवूच नये, असं विलासचं म्हणणं. त्यांचं शेत गावापासून सहा किलोमीटरवर आहे आणि गावात एसटी दिवसातून दोनदा येते.

"मधल्या टायमात मी काय करू?" दिगंबररावांनी विचारलं.

"पारावर बसा. सगळे बसतात."

"ते म्हातारे हायत."

मी गाडी सुरू केली. धूर होता, निळसर. पेट्रोलबरोबर ऑइल जळतं तेव्हा धुराला हा रंग येतो. विलासनं वडिलांकडे पाहिलं. दिगंबररावांनी रस्त्याकडे पाहिलं.

इंजिनमधलं ऑइल कमी व्हायला वाटा मोजक्या असतात. एक, बाहेर गळणं. इंजिन पुसून खाली पुठ्ठा ठेवला, अर्धा तास चालवलं. पुठ्ठा कोरडा राहिला. दुसरी वाट पिस्टनच्या रिंगांची. रिंगा झिजल्या की खालचं ऑइल वर चढून जळतं. तसं असेल तर बोर अटळ. ते तपासायला प्लगच्या जागी गेज लावतात, किका मारतात आणि आत किती दाब तयार होतो ते बघतात. काटा एकशे चाळीसवर थांबला, म्हणजे दाब चांगला होता. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल आत सोडून पुन्हा बघितलं. रिंगा झिजलेल्या असत्या तर ऑइलनं फटी बुजून काटा बराच वर गेला असता. तो जेमतेम पाच घरं वर गेला.

"रिंगा चांगल्या आहेत," मी सांगितलं.

"अठरा वर्षांनी?" विलासचा विश्वास बसला नाही.

"चाळीसच्या वर पळवली न्हाई कदी," दिगंबरराव म्हणाले. "बैलाला कुनी पळवतं का?"

मग एअर फिल्टरचा डबा उघडला. इंजिनात जाणारी हवा इथं गाळली जाते. हा डबा कोरडा पाहिजे. झाकण काढताच माझ्या बाहीवर काळं ऑइल सांडलं. फिल्टर पिळला असता तर वाटी भरली असती.

इंजिनातून या डब्यात एक बारीक नळी येते. आतली वाफ बाहेर पडावी म्हणून ती असते. इंजिनात ऑइल प्रमाणाबाहेर असलं की फिरत्या भागांच्या फटक्यानं ते या नळीतून वर येतं, फिल्टरमध्ये साचतं, हवेबरोबर आत ओढलं जातं आणि जळतं. पण ही गाडी तर ऑइल कमी पडतं म्हणून आली होती.

खालचा नट खोलून सगळं ऑइल मापात काढलं. या इंजिनात एक लिटर बसतं. निघालं एक लिटर सहाशे मिली.

तिघेही मापाकडे बघत राहिलो.

"अण्णा, ऑइल कोण टाकतं?" मी विचारलं.

"मीच की. दर शनवारी."

"दर शनिवारी का?"

"शनवारी मारुतीला तेल वाहतो. आलो की गाडीलाबी घालतो. एकाच दिवशी दोन्ही, म्हंजी इसरत न्हाई."

"मोजून घालता?"

"मोजून म्हंजी? देवाला कुनी मोजून घालतं का?"

"गाडीला, अण्णा."

"काडी बगूनच घालतो. काडीला तेल लागलंच न्हाई तर काय करू?" काडी म्हणजे ऑइलच्या झाकणाला आतून जोडलेली, पातळी दाखवणारी पट्टी.

"तेल इंजिनचंच असतं ना?"

"एकदा डबा सपला व्हता. तव्हा मारुतीचं उरलेलं घातलं. करडीचं. चांगलं घाण्याचं व्हतं."

विलास बाहेर जाऊन उभा राहिला.

मी त्यांना काडी बघून दाखवायला सांगितलं. त्यांनी गाडी साइड स्टँडवर लावली. गुडघ्यामुळं डबल स्टँडवर ओढता येत नाही, असं सांगितलं. साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते. या गाडीची काडी उजव्या बाजूला आहे. आतलं ऑइल डावीकडे जमा होतं आणि काडीला लागत नाही. दिगंबरराव प्रामाणिकपणे काडी बघत होते, कोरडी दिसली की घालत होते. जितकं घालत तितकं ते फिल्टरमधून जळत होतं. धूर वाढला की गाडीला आणखी तेल हवंय, असं ते समजत.

नवा फिल्टर बसवला, डबा धुतला, एक लिटर नवं ऑइल भरलं. गाडी सरळ धरायला शेजारच्या कोणाला तरी बोलवा, मग काडी बघा, एवढंच सांगितलं. विलासनं अट घातली : महिनाभर दर रविवारी तो स्वतः गावी येऊन काडी बघणार.

पहिल्या रविवारी सकाळी त्याचा फोन आला. "मुनीरभाई, संपलं! काडी कोरडी ठणठणीत. मी म्हणत होतो का न्हाई?"

"गाडी कशावर उभी आहे?"

पलीकडे लांबून दिगंबररावांचा आवाज आला. "आरं ती सरळ कर की. बारावी शिकलास ना?"

फोन कट झाला. पुन्हा आला नाही.

चार आठवड्यांनी दिगंबरराव गाडी चालवत नांदेडला आले. विलास लातूरहून एसटीनं आला. गाडी त्या महिन्यात सहाशे वीस किलोमीटर चालली होती. गॅरेजातल्या सपाट फरशीवर विलासनं गाडी सरळ धरली, काडी मी बघितली. ऑइल वरच्या खुणेपासून केसभर खाली होतं. धूर नव्हता. इंजिन उघडलं नाही.

परतायला लातूरची एसटी विलासनं लोह्याहून धरायची ठरवली. दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी दोघे लोह्याकडे निघाले. गाडी दिगंबरराव चालवत होते, विलास मागे बसला होता.