ताईच्या खोकल्याचा नमुना

ताईला बसलेलं मी फार कमी वेळा पाहिलं आहे. ती उभ्याने जेवते, उभ्याने पेपर वाचते, आणि फोनवर बोलताना खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालते. पायाला भिंगरीच लागलेली. बसलं की छातीत चिकटा साचतो, असं तिचं म्हणणं. ते खरं आहे, पण निम्मंच. तिला मुळात बसवतच नाही. आई म्हणते, ही पोटात असतानाही मला बसू द्यायची नाही.

ताई पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचायची. रोजची दीडशे घरं. खिशात टॉर्च, पिशवीत झाकण उचलायचा लोखंडी आकडा आणि काचेवरचा चिखल पुसायला फडकं. मीटर जमिनीखालच्या खड्ड्यात असला की ती सरळ पोटावर आडवी होऊन आत डोकं घालायची. मीटर थांबवायला लोक काय काय करतात! कुणी चुंबक लावतं, कुणी काचेला भोक पाडून तार घालतं. ताईच्या डोळ्यांत धूळ फेकणं मात्र कुणाला जमलं नाही. "घरात पाच माणसं, अंगणात एवढी झाडं, आणि महिनाभरात पाणी चार बादल्या? तुम्ही काय हवेने आंघोळ करता?" असं ती दारातच विचारायची, तेही खोकत खोकत.

खोकला जन्माचा. तिला सिस्टिक फायब्रोसिस आहे. या आजारात अंगातले स्राव पाण्यासारखे वाहत नाहीत, घट्ट होतात. जेवण पचायला दर वेळी कॅप्सूल घ्याव्या लागतात आणि फुप्फुसात गोंदासारखा कफ धरतो. तो सुटावा म्हणून सकाळी खारट पाण्याची वाफ घ्यायची, मग पालथं झोपायचं आणि कुणीतरी खोलगट हाताने पाठ बडवायची. मी बारा वर्षांचा झालो तेव्हा आईचे हात भरून यायला लागले आणि ते काम माझ्याकडे आलं. तेव्हापासून ताई मला ढोलक्या म्हणते. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. तिथे मला हलक्या हाताचा कारागीर समजतात, हे ऐकून ती इतकी हसली की हसण्यानेच कफ सुटला आणि तो दिवस वाफेविनाच भागला.

दर महिन्याला सकाळी खोकून काढलेला कफ एका बाटलीत घ्यायचा आणि मी दुकानात जाता जाता तो हॉस्पिटलमध्ये द्यायचा, हा आमचा दहा वर्षांचा रिवाज. छातीच्या डॉक्टर त्यावर अभ्यास करत होत्या. गेल्या वर्षी एकदा त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून, म्हणजे मला बसवून आणि ताईला भिंतीशी उभं ठेवून, कागदावर छापलेली रंगीत वर्तुळं दाखवली. दर वर्षाचं एक वर्तुळ.

"फुप्फुसात जंतू नसतातच असं नाही," त्या म्हणाल्या. "हे तुमचं पहिलं वर्ष. बघा किती रंग. प्रत्येक रंग म्हणजे जंतूंची एक जात. सगळे थोडे थोडे, एकमेकांना धरून. आणि हा हिरवा म्हणजे स्यूडोमोनास. तो आला, कफाचं पांघरूण घेऊन चिकटून बसला. आपण औषधं देतो, त्यात बाकीचे मरतात आणि हा चिवट तेवढा उरतो. वर्षागणिक याची जागा वाढत गेली. आता या शेवटच्या वर्तुळात बघा."

शेवटचं वर्तुळ जवळजवळ हिरवंच होतं. कडेला चार-दोन बारीक फाका उरल्या होत्या.

"बऱ्याच रुग्णांत असं दिसतं. जाती कमी होत जातात तसा श्वासही कमी होतो. कशामुळे काय होतं, ते अजून पुरतं कळलेलं नाही. पण नळीत फुंकून श्वास मोजतो ना, ते तुमचं फुंकणं एकसष्ट टक्के होतं, ते सत्तावन्नवर आलंय."

"आणि तोंडात?" ताईने विचारलं. "तोंडातही जंतू असतातच ना?"

"तोंडात तर कितीतरी जाती सुखाने नांदतात. तुमचा प्रश्न छातीतला आहे." मग डॉक्टरांनी चष्मा काढला. "तीन महिने बघू. हिरवा असाच वाढत राहिला तर दोन आठवडे भरती व्हायचं, शिरेतून औषध घ्यायचं. आणि तुमच्या खात्याला मी पत्र देणार. ओले खड्डे, चिखल, हे सगळं बंद. टेबलाचं काम."

टेबल म्हटल्यावर ताईचा चेहरा असा उतरला की भरतीचं तिने ऐकलंच नसावं. घरी येईपर्यंत ती माझ्या दहा पावलं पुढे चालत होती आणि वाटेतल्या प्रत्येक खांबाला हात लावत होती.

पुढच्या महिन्याचा निकाल आला आणि आमच्या घरात आनंदीआनंद झाला. वर्तुळात रंगच रंग! आईने तो कागद शेजारच्या दोन घरांत नेऊन दाखवला. त्यांना त्यातलं ओ की ठो कळलं नसणार. मीही खूश होतो. माझ्या बडवण्याचं हे फळ, असंही मनात येऊन गेलं. माणूस स्वतःची पाठ थोपटायला किती तयार असतो बघा.

दुसऱ्या महिन्यात बाटली माझ्या हातात होती आणि बस अचानक थांबली. बाटली तिरकी झाली आणि आतलं सळकन एका बाजूला गेलं.

ताईचा कफ असा जात नाही. बाटली उलटी केली तरी तो तळाला धरून राहतो. दहा वर्षं मी ती बाटली नेतोय. हे जे वाहत होतं ती लाळ होती. सकाळी पाठ बडवून झाल्यावर ताई न्हाणीघरात जायची, खरा कफ मोरीत सोडायची आणि बाटलीत थुंकी भरायची. तोंडातल्या त्या सुखाने नांदणाऱ्या जाती वर्तुळात रंग भरत होत्या. अख्ख्या गावाची चोरी पकडणाऱ्या बाईने स्वतःचाच मीटर फिरवला होता.

मला तेव्हाच कळलं. मी बसमधून उतरलो, बाटली हॉस्पिटलच्या खिडकीवर दिली, सही केली आणि दुकानात जाऊन दिवसभर काचा घासल्या. तीन काचा वाया घालवल्या. मालक ओरडला, तर मी त्याच्यावरच उलटा ओरडलो. संध्याकाळी ताईला विचारायचं ठरवलं होतं. ती जिन्यातच भेटली, उद्या डोंगरावरच्या वस्तीतले मीटर वाचायचे आहेत म्हणून खुशीत होती. मी मूग गिळून गप्प बसलो.

त्या महिन्यात फुंकणं बावन्नवर आलं. डॉक्टरांनी कागद उलटसुलट केले. "रंग वाढलेत आणि श्वास उतरतोय, हे जुळत नाही. प्रयोगशाळेने लिहिलंय की नमुना पातळ वाटतो. नीट खोकून काढलेलाच आहे ना?"

"वाफेच्या औषधाने पातळ होत असेल," ताई म्हणाली.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. नाहीतर तेव्हाच झाली असती ती भरती महिनाभर पुढे ढकलली गेली.

त्या महिन्यात मला कशातच चैन पडेना. रात्री कूस बदल, दिवसा घड्याळ बघ. पाठ बडवताना हाताखाली घरघर लागायची आणि मी ती मोजत राहायचो. आई विचारायची, तुझं काय बिनसलंय? मी तिच्यावरच खेकसायचो. रोज ठरवायचो की उद्या सांगेन. उद्या पुन्हा तिच्या बुटांचा आवाज जिन्यात वाजायचा आणि वाटायचं, चालतेय ना, मग राहू दे. तिसरी बाटलीही मीच नेऊन दिली.

त्यानंतर आठवड्याभराने दुपारी मी एका गिऱ्हाइकाकडे चष्मा पोचवायला गेलो होतो. गल्लीच्या वळणावर, एका अनोळखी घराच्या पायरीवर ताई बसली होती. भर उन्हात हातातला टॉर्च चालूच होता. ओठ निळसर झाले होते. समोर खड्ड्याचं झाकण अर्धं उघडं होतं. मला पाहून ती उठायला गेली आणि तिला उठता आलं नाही.

हॉस्पिटलला ती नको म्हणाली, म्हणून मी तिला रिक्षाने घरी आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाठ बडवली. खोकल्याची उबळ आली तशी ती न्हाणीघराकडे वळली. मी आधीच दारात उभा होतो. मी तिच्या तोंडाखाली बाटली धरली.

तिने बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"दुसऱ्या महिन्यापासून."

ती खोकली आणि बाटलीत थुंकली. हिरवट, घट्ट. मी झाकण लावलं. बाटली तिरकी केली तरी आत काही हललं नाही.

त्याच दिवशी तिला भरती केलं. श्वास चव्वेचाळीसवर आला होता. काही दिवसांनी वर्तुळाचा कागद आला. त्यात दुसरा रंग शोधायला मला माझ्या दुकानातलं भिंग लागलं असतं. चौदा दिवस शिरेतून औषध चाललं. ताई सलाइनचा स्टँड ढकलत वॉर्डभर फिरायची आणि नर्सेस तिला पुन्हा पुन्हा पलंगावर आणून बसवायच्या. शेवटच्या दिवशी तिने नळीत जीव तोडून फुंकलं. आकडा पन्नासवर थांबला.

"सत्तावन्न परत येईल ना?" मी विचारलं.

"वाटत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "सुरुवातीलाच कळतं तर बरंच वाचवता आलं असतं. तीन महिने हातातून गेले." त्यांनी खात्याचं पत्र पुढे केलं. ताईने ते न वाचता घडी करून घेतलं. मग डॉक्टरांनी तीन कागद ओळीने मांडले, ते रंगीबेरंगी. "हे नमुने कफाचे नव्हते. बरोबर? घरात कुणाला कल्पना होती का?"

त्या माझ्याकडेच बघत होत्या. माझं तोंड उघडलेलं होतं, शब्द अगदी ओठांवर आले होते.

"नाही हो," ताई म्हणाली. "हा नुसता बाटली पोचवायचा. याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं."

डॉक्टरांनी मान हलवली आणि तसं फायलीत लिहून घेतलं. मी ते लिहू दिलं.