आधी तुमची गोळी

माझा स्वभाव तापट आहे, हे पोलादपुरात कोणालाही विचारा. सर्दीला सुईच हवी म्हणून हटून बसणाऱ्याला मी सरळ दाराकडे बोट दाखवतो. तरी सत्तावीस वर्षं लोक येतायत. डॉक्टर ओरडतो पण गुण येतो, असं त्यांचं म्हणणं. एका मुलीच्या बाबतीत मात्र ओरडा मीच खायला हवा होता.

दीड वर्षाची असताना लस टोचली तेव्हा ती माझ्या हाताला चावली होती. पुढे तिचा गोवर, तिची कावीळ, दहावीच्या पेपराआधीचे जुलाब, सगळं माझ्याचकडे. महाडच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना ती झोप लागत नाही म्हणून आली. अभ्यासाचं टेन्शन, मी म्हटलं, आणि ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या. दोन महिन्यांनी परत आली ती वाळलेली, मान खाली. मी पुन्हा तेच म्हटलं, फक्त जरा मोठ्याने. तिसऱ्या खेपेला तिची आई एकटीच आली.

"डाक्टर, पोरगी एकटीच बोलत बसते. कोन तरी कानात बोलतंय म्हनते. जेवनात कायतरी घातलंय, असा वहीम धरलाय. देवाला गाऱ्हानं घातलं, सवच्या गरम पान्याच्या कुंडात आंघोळी झाल्या. फरक नाय."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. पाच महिने गेले होते. या आजारात सुरुवातीचे महिने फार मोलाचे, हे मला पाठ होतं. पण पोर लहानपणापासून पाहिलेली असली की ती आज कशी दिसते याकडे आपलं लक्षच जात नाही. घरच्या डॉक्टरची ही जुनी खोड.

महाडला महिन्यातून दोनदा एक मानसोपचारतज्ज्ञ येत. मी स्वतः तिला आणि आईला घेऊन गेलो. त्यांनी तासभर तिचं ऐकून घेतलं आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "अजून वेळ गेलेली नाही. गोळी चुकू देऊ नका, आणि तिचा तुमच्यावरचा विश्वास जपा. मी पंधरा दिवसांनी येणार, रोजचे तुम्हीच."

चौथ्या दिवशी सकाळी आई दवाखान्यात. बाकावर अठरा माणसं, एक पोर तापाने फणफणलेलं. "गोळी थुंकते, डाक्टर. पेजंत कुसकरून देऊ काय?"

"द्या," मी म्हटलं. मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही.

आमच्याकडे यात कोणाला वावगं वाटत नाही. कडू औषध गुळात, मधात, नाहीतर पेजेत घालून पोराच्या पोटात ढकलायचं, हा आईचा हक्कच. माझ्या आईनेही मला तसंच वाढवलं. पण या मुलीचा आजारच मुळी असा, की जेवणात कोणीतरी काहीतरी घालतं. आठवड्याभरात तिला पेजेच्या तळाशी पिवळा चुरा दिसला. त्या दिवसापासून तिने घरचं शिजवलेलं सोडलं. सालीतलं केळं आणि कवचातलं उकडलेलं अंडं, एवढंच खायची, तेही स्वतः सोलून. आईच्या हातचं पाणीसुद्धा बंद.

हे कळलं तेव्हा मला स्वतःचीच लाज वाटली. आजाराने जे खोटं तिच्या मनात भरवलं होतं, ते मी खरं करून दाखवलं होतं.

दुपारी दवाखाना बंद करून मी तिच्या गावी गेलो. ती पडवीत भिंतीला पाठ लावून बसलेली. मी समोर जमिनीवर बसलो. काय बोलायचं ते वाटेत घोकलं होतं, ते सगळं विसरलो.

"पेजेत गोळी होती," मी म्हटलं. "आईला मी सांगितलं होतं. चूक माझी."

ती म्हणाली, "म्हणजे मी म्हणत होते ते खरं होतं."

"एवढं खरं होतं. बाकीचं आजाराचं आहे. पण हे खरं होतं."

आता ही मला हाकलणार, असं मला वाटलं. हाकललं असतं तर तक्रार करायला मला तोंड नव्हतं. पण ती रडली. आत चुलीपाशी तिची आईही रडत होती.

पुढचं ठरलं ते तिच्या अटींवर. दवाखाना एसटी स्टँडसमोरच. तिने रोज सकाळी महाडच्या गाडीआधी यायचं, पाकिटातली गोळी स्वतः फोडून घ्यायची. जेवणात यापुढे काही मिसळायचं नाही, मी सांगितलं तरी आईने ऐकायचं नाही. आणि शेवटची अट माझ्यासाठी होती. "तुम्हाला बीपी हाय ना? आधी तुमची गोळी, मग माझी."

माझी गोळी महिन्यातले पंधरा दिवस चुकायची. आता या पोरीच्या धाकाने नियमित झाली. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. मला एवढ्याशा मुलीच्या रोखलेल्या नजरेचा मार लागला. दोन महिन्यांनी तिने आईच्या हातची भाकरी मोडली. वर्ष वाया गेलं, पण पुढच्या जूनला ती पुन्हा कॉलेजात बसली.

परवाची गोष्ट. दुपारी तीनला ती बाकावर दिसली, रांगेत, इतरांसारखा नंबर घेऊन. आत आली आणि दार लावून घेतलं.

"चार दिवस झोप नाय. आवाज नाय अजून, पण येतील असं वाटतंय. आईला माहीत नाय, आधी तुम्हाला सांगते."

पहिल्या वेळी पाच महिने गेले होते. या वेळी चार दिवस. मी हात पुढे करून फोन ओढला, महाडच्या त्या मानसोपचारतज्ज्ञांना लावायला.

"अजून एक," ती म्हणाली. "आज कॉलेजात डबा उघडला तेव्हा वाटलं, आईने यात काहीतरी घातलंय."

मी फोन खाली ठेवला. "मग?"

"मग सगळा खाल्ला. आणि एसटी पकडून इकडे आले."