किल्लीसाठी घातलेली शीळ

कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या होत्या आणि तिसरीची वाट बघत मी ओट्यापाशी उभी होते. तिसरी आली ती चक्क सुरात. गॅस बंद करायला हात पुढे केला, तर कुकर गप्प. शीळ बाहेरून येत होती. बाल्कनीत जाऊन खाली वाकून पाहिलं, तर खालच्या मजल्यावरच्या तांते कुंड्यांना पाणी घालता घालता शीळ घालत होत्या.

लॉकडाऊनचा पहिला वसंत होता तो. अॅम्स्टरडॅमला लागून असलेल्या डीमनमधल्या आमच्या बिल्डिंगसमोरून ट्राम रिकामी जायची. नवरा बेडरूममध्ये इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून दिवसभर मीटिंगा करायचा. मी पुण्यात एका शाळेत संगीत शिकवत असे, पण इथे डिपेंडंट व्हिसावर आल्यापासून माझी पेटी कपाटावर पडून होती. तांते या आमच्या खालच्या शेजारीण, ऐंशीच्या घरातल्या. वडील दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाम या जुन्या डच वसाहतीतले, कृष्णवर्णीय; आई अ‍ॅम्स्टरडॅमची. सुरिनामी लोक वयस्कर बाईला तांते, म्हणजे मावशी-आत्या म्हणतात, म्हणून मीही तांतेच म्हणायचे. त्यांचा किराणा मी आणून द्यायचे आणि पिशवी दारात ठेवून मागे सरायचे. ओळख तेवढीच.

पण ती शीळ! एक चढती ओळ, मग एक उतरती, शेवटी मुरकीसारखा एक लटका, आणि खाली येताना गंधार असा काही लागत होता की मी वरूनच ओरडले, "तांते, ही कुठली चाल?"

त्यांनी मान वर केली. "ही? ही चाल नाही गं. हे माझ्या बाबांचं 'दार उघडा' आहे."

मग त्या खाली आणि मी वर, अशा आमच्या गप्पा सुरू झाल्या. थोडं इंग्लिश, थोडं माझं मोडकं डच. रोज दुपारी जेवणं झाली की मी खुर्ची कठड्याला लावून बसायची. खाली तांतेंची कॉफी, वर माझा चहा.

त्यांचे वडील सुरिनामच्या राजधानीत, पारामारिबोला, एका लष्करी बँडमध्ये ट्रम्पेट शिकले होते. तरुणपणी बोटीवर भट्टीत कोळसा टाकायचं काम मिळवून ते इथे आले आणि बंदरात उतरताच ट्रम्पेट घेऊन डान्स हॉलच्या दारात उभे राहिले. महायुद्धाच्या आधीची गोष्ट. जॅझ नवा नवा होता आणि अ‍ॅम्स्टरडॅम वेडं झालं होतं. पण गिऱ्हाइकांना अमेरिकन वादक हवा असायचा. मग हॉलच्या मालकाने त्यांना एक अमेरिकन नाव चिकटवलं. पोस्टरवर तेच, लोकांच्या तोंडी तेच. इंग्लिश धड येत नसलेला हा माणूस रोज संध्याकाळी अमेरिकन व्हायचा आणि पहाटे पुन्हा सुरिनामचा होऊन घरी यायचा.

"आणि घर कुठे? चौथ्या मजल्यावर!" तांते म्हणाल्या. "जिना शिडीसारखा उभा. खालच्या दाराची किल्ली एकच. बाबा रस्त्यावर उभे राहून ही शीळ घालायचे, आणि आई किल्ली मोज्यात घालून खिडकीतून खाली टाकायची."

"मग पुढे?"

"पुढे काय? किल्ली पडायची."

"तसं नाही, चालीचं पुढे काय?"

तांतेंनी कप खाली ठेवला. त्यांनी शीळ घालून पाहिली. चाल लटक्यापर्यंत आली आणि अधांतरी थांबली. पुन्हा घातली. पुन्हा तिथेच. "खरंच की," त्या म्हणाल्या, "मी पुढचं कधी ऐकलंच नाही!"

मला बसवेना. ज्याने कधी बंदिशीचा नुसता मुखडा ऐकून अंतरा शोधलाय, त्याला कळेल. मी धावत आत गेले, स्टुलावर चढून पेटी खाली काढली. भात्यावर धूळ होती, दोन पट्ट्या अडकत होत्या, पण सूर निघाला. नवरा दार उघडून म्हणाला, "अगं, मी अनम्यूट आहे!" मी म्हटलं, "तर मग म्यूट हो!"

चाल पेटीवर बसेना. जाताना शुद्ध गंधार, येताना कोमल, म्हणजे जोग रागासारखं काहीतरी, असं मला आधी वाटलं होतं. पण तांतेंचा गंधार त्या दोन्हींच्या मध्येच कुठेतरी होता. गळ्यातून यायचा, पेटीतून नाही. पेटीला दोन पट्ट्यांच्या मधली जागा कुठून असणार! मी गात होते, पेटी दाबत होते आणि चिडत होते, तेवढ्यात वरच्या मजल्यावरून कोणीतरी तोच स्वर बरोब्बर घसरत लावला. पितळी, जाड, हसऱ्या आवाजात.

वर एक डच मुलगी राहायची. उंच, लाल केसांची, संगीताच्या कॉलेजात ट्रॉम्बोन, म्हणजे नळी मागेपुढे सरकवून वाजवायचं पितळी वाद्य, शिकणारी. कॉलेज बंद, म्हणून तीही अडकलेली. तिने कठड्यावरून खाली वाकून विचारलं, "हे काय आहे? किती दिवस ऐकतेय मी! कोणाचं आहे?"

"माझ्या बाबांचं," खालून तांते म्हणाल्या. ते म्हणताना त्या उभ्या राहिल्या होत्या.

त्या दिवसापासून आमच्या तीन बाल्कन्यांना ऊत आला. खालून शीळ, मधून पेटी, वरून ट्रॉम्बोन. समोरच्या बिल्डिंगमधले लोक खुर्च्या बाहेर काढून बसू लागले. पण अडायचं तिथेच अडायचं. लटका आला की आम्ही तिघी थांबायचो. ट्रॉम्बोनवाली म्हणायची, याला मधला भाग असणारच, हॉलमध्ये एवढ्यावर कोणी नाचणार नाही.

"भावाला माहीत असेल," तांते एकदा हळूच म्हणाल्या. "पण तो सांगायचा नाही."

भाऊ त्यांच्याहून बराच मोठा, नव्वदीकडे झुकलेला. अ‍ॅम्स्टरडॅममधल्या एका वृद्धाश्रमात राहायचा. लहानपणी बाबांच्या बरोबर हॉलवर तोच जायचा. युद्धात जर्मनांनी काळ्या वादकांवर बंदी घातली, आणि पुढे युद्धाच्या शेवटच्या, उपासमारीच्या हिवाळ्यात बाबांनी ट्रम्पेट देऊन पोतंभर बटाटे आणले. युद्ध संपलं आणि सैनिकांना नाच हवा झाला, तसे बाबा उसनं ट्रम्पेट घेऊन पुन्हा उभे राहिले. रात्ररात्र वाजवायचे, छाती त्या हिवाळ्याने आधीच पोखरलेली. काही वर्षांत गेले. भावाने शाळा सोडली, ट्राम चालवायला लागला आणि आई-बहिणीला सांभाळलं. जन्मात परत जॅझ ऐकला नाही.

"तो म्हणतो, त्या ट्रम्पेटने आपले बाबा खाल्ले," तांते म्हणाल्या.

तरी त्यांनी फोन केला. आम्ही दोघी वरून कान देऊन ऐकत होतो. संभाषण फारच थोडक्यात आटोपलं. "म्हणाला, आठवत नाही. मग म्हणाला, आठवायचंही नाही."

वृद्धाश्रमात आत जायला बंदी होती. तांते दर आठवड्याला भावाच्या खिडकीखाली लॉनवर जाऊन उभ्या राहायच्या, वर हात करायच्या आणि फोनवर बोलायच्या. ट्रॉम्बोनवाली म्हणाली, "आपण सगळ्याच जाऊ. विचारायचं नाही. नुसतं वाजवायचं."

मला ही कल्पना इतकी आवडली की मी आधी हो म्हणाले आणि मग पेटी कशी न्यायची याचा विचार केला. ट्रॉम्बोनवालीच्या मित्राची बाकफीट्स मिळाली, म्हणजे पुढे मोठी लाकडी पेटी बसवलेली सायकल, इथले लोक तिच्यात पोरं बसवून नेतात. त्या पेटीत माझी पेटी, तिच्यावर गोधडी, आणि पेडल मारायला नवरा. "कंपनीने मला यासाठी इथे आणलं नव्हतं," असं म्हणत होता, पण हसत होता. तांते मास्क लावून टॅक्सीने आल्या. निळा कोट, ओठांवर लाली. मास्कच्या आत लाली कोणासाठी, हे मी विचारलं नाही.

भावाची खिडकी पहिल्या मजल्यावर होती. काचेमागे तो बसलेला दिसला. रुंद खांदे, पांढरे कुरळे केस. तांतेंनी हात केला, त्याने केला. मग त्याला ट्रॉम्बोन दिसला आणि त्याचा हात खाली गेला.

आम्ही सुरू केलं. छातीत धडधडत होतं, म्हणून आपोआप लय वाढली. तांतेंची शीळ मास्कमध्ये अडकली, तेव्हा त्यांनी तो सरळ हनुवटीवर ओढला. पहिली ओळ झाली, दुसरी झाली, तिसरी लटक्यावर येऊन अडली. वर भावाने पडदा ओढून घेतला.

पेटीचा भाता माझ्या हातातच राहिला. तांते खाली बघत होत्या. नवरा सायकलपाशी जाऊन गोधडी आवरायला लागला. एवढ्यात तांतेंचा फोन वाजला. त्यांनी स्पीकर लावला आणि भावाचा आवाज लॉनभर घुमला.

"चूक आहे!"

"काय?" तांते म्हणाल्या.

"सगळंच! एवढं पळवताय कशाला? आग लागलीय का कुठे? बाबा असं कधीच वाजवायचे नाहीत. पाय ओढत, आरामात. आणि ती पेटीवाली बाई कोण? तिला सांग, तिसऱ्या ओळीत थांबायचं नसतं. तिथे मधला भाग येतो."

"कुठला मधला भाग?" तांतेंनी विचारलं. "मला नाही माहीत. मला फक्त किल्लीपर्यंत माहीत आहे."

 मग फोनमधून शीळ आली. म्हातारी, फाटकी, मध्ये श्वासाला थांबणारी. पण सूर पक्का. चाल लटक्यावरून वर उडाली, मध्यमावर जाऊन बसली, तिथून असं काही वळण घेतलं की माझ्या तोंडून "वा!" निघून गेलं. लिहून घ्यायला काही नव्हतं आणि सुचलंही नाही. गुरुजी आम्हाला शिकवायचे तसंच मी केलं. भावाने एक ओळ घातली की मी लगेच फोनमध्ये सरगम म्हणून दाखवायची.

"नाही," फोन म्हणायचा. मी पुन्हा म्हणायची. "नाही. शेवटी खाली. अजून खाली. हां! आता लांबवा." पडदा केव्हा सरकला, मला कळलंच नाही. वर पाहिलं तर तो उभा होता, एका हातात फोन आणि दुसरा हात काचेवर लय देत होता. ट्रॉम्बोनवालीने माझ्यामागून ओळ उचलली. मग आम्ही सगळं सलग वाजवलं. मुखडा, मधला भाग, आणि पुन्हा मुखडा. या खेपेला पाय ओढत, आरामात.

दार उघडून मास्क लावलेली नर्स बाहेर आली. मी मनात म्हटलं, आता आपल्याला हाकलणार. ती म्हणाली, "पलीकडच्या बाजूच्या खोल्यांना ऐकू येत नाहीये. त्यांची तक्रार आहे. तिकडे पण वाजवाल का?"

नवऱ्याने पेटी उचलली आणि तो इमारतीला वळसा घालून पळतच सुटला!

फोन ठेवायच्या आधी तांतेंनी भावाला विचारलं, "तुला तर आठवायचं नव्हतं ना?"

"नव्हतंच," तो म्हणाला. "पण चुकीचं ऐकवेना. मी ट्रम्पेटवर रागावलो होतो, चालीवर नाही." मग म्हणाला, "मधला भाग वाजवताना बाबा स्टेजच्या पडद्याकडे वळायचे. मी पडद्यामागे उभा असायचो. भुवया उडवायचे माझ्याकडे बघून. लोकांना वाटायचं, स्टाइल आहे."

तांतेंना हे माहीत नव्हतं. त्या लॉनवरच बसल्या, ओल्या गवतावर, निळ्या कोटासकट. त्या रडतायत की हसतायत ते मला कळेना, आणि जवळ जाऊन धरायलाही बंदी.

नंतरचे महिने बंद-उघड, बंद-उघड असे गेले. हिवाळ्यात संचारबंदी लागली. पण भाऊ आता फोन करायचा तो मला. "पेटीवाल्या बाई, काल काय वाजवलंत ऐकवा." त्याला बाबांच्या आणखी चाली आठवायला लागल्या होत्या, अर्ध्या-मुर्ध्या, कधी नुसता शेवट. मी त्या सरगममध्ये धरायची, ट्रॉम्बोनवाली तिच्या पद्धतीने पाच रेघांच्या स्वरलिपीत उतरवायची. तिने कॉलेजची परीक्षा स्क्रीनवरून दिली, त्यात किल्लीची चाल वाजवली. परीक्षकांनी विचारलं, ही रचना कोणाची? तिने तांतेंच्या बाबांचं खरं नाव सांगितलं, सुरिनामचं, आई-बापांनी ठेवलेलं. तिच्या वर्गातल्या पोरांनी तिच्याकडून ती चाल मागून घेतली.

निर्बंध उठले त्या उन्हाळ्यात त्याच पोरांनी आमच्या वस्तीतल्या छोट्या हॉलमध्ये कार्यक्रम केला. दारावरच्या पोस्टरवर ते नाव होतं, मोठ्या अक्षरांत. तांते त्याच्यासमोर उभ्या राहून ते मोठ्याने वाचत होत्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला वाचायला लावत होत्या. भाऊ व्हीलचेअरवर आला होता, टाय लावून. पहिल्या रांगेत बसून बँडला हाताने लय दाखवत होता आणि पोरं बिचारी ऐकत होती.

मधला भाग सुरू झाला तसा तो चाकांना ब्रेक लावून उठला. तांतेंनी पटकन हात दिला. दोघं जागच्या जागी, पाय जेमतेम हलवत नाचू लागले. मग मागच्या रांगा उठल्या. खुर्च्या भिंतीला सरकल्या. लग्नाच्या वरातीतसुद्धा कोपऱ्यात उभा राहणारा माझा नवरा माझ्यापुढे येऊन म्हणाला, "चल."

"तुला येतं?"

"कुठे येतं!" तो म्हणाला, आणि आम्ही दोघं त्या गर्दीत घुसलो.