सरिताची हत्यारं

रायपूरजवळच्या बीरगांवच्या एका मिलमध्ये मी तीस वर्षं फिटर होतो. तिथे लोखंड तापवून सळ्या ओढतात. आमच्या कामात एक नियम होता: ज्या कामाचं हत्यार, त्याच कामाला. पान्यानं ठोकणाऱ्याला मी माझ्या बेंचवर उभं राहू देत नसे.

घरी माझी बायको सरिता हा नियम रोज मोडायची. उलथण्यानं सायकलच्या मडगार्डवरचा चिखल खरवडायची. साबणाचे उरलेले तुकडे जुन्या किसणीवर किसून त्यात कपडे भिजवायची. टाकीत पडलेली कडुनिंबाची पानं झाऱ्यानं काढायची. एकदा बुद्धाची तसबीर टांगायची होती. मी नजरेनं अंदाज घेऊन खिळे ठोकले. तिनं कुकरची शिट्टी दोऱ्याला बांधून चौकटीशेजारी ओळंबा सोडला आणि म्हणाली, "डावीकडे उतरली हाये." खरंच उतरली होती.

"शिट्टी कुकरवर राहू देत जा," मी म्हणालो.

"कुकर झाला ना आता. रिकामी बसून काय करते ती?"

ती भंडाऱ्याची. सात भावंडांच्या घरात एक वस्तू एकाच कामाला ठेवणं परवडत नव्हतं. हे मला उशिरा कळलं.

छत्तीसगढ राज्य नवं होऊन तीन वर्षं झाली होती. रायपुरात जिकडे पाहावं तिकडे बांधकाम. सळ्यांची मागणी इतकी, की मिल तिन्ही पाळ्यांत चालायची. त्या वर्षी भनपुरीच्या वळणावर सांडलेल्या रेतीवरून माझी सायकल घसरली आणि उजवं मनगट मोडलं. दीड महिन्यानं प्लास्टर निघालं. बोटं अर्धीच मिटत होती. चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागे.

आमचा फोरमन गंगाधर घरी आला. सरळ माणूस. म्हणाला, "मारोती, मी तुझी जागा एक महिना राखू शकतो. मग आठ नट कसून दाखव. जमलं तर बेंच तुझं. नाही तर गेटवर चौकीदारी देतो. त्याच्या पुढचं माझ्या हाती नाही."

चौकीदारी वाईट काम नाही. पण मी फिटर होतो.

डॉक्टरांनी तेलाचा हात, गरम पाणी आणि हलका व्यायाम सांगितला होता. गंजलेल्या नटालाही आम्ही हेच करतो: तेल, उष्णता, आणि मग धक्का. डॉक्टर धक्का सांगायचे विसरले असं मला वाटलं. सरिता नळावर गेली असताना मी लाटणं तळहातावर आडवं धरलं, त्याचं टोक ओट्याच्या कडेला अडकवलं आणि मनगट जोरानं मागे दाबलं. रात्रीपर्यंत हात कोपरापर्यंत सुजला.

सरिता ओरडली नाही. थंड पाण्याची पट्टी ठेवत म्हणाली, "तो नट नाही हो. हाड हाये. चार दिवस घालवले तुम्ही."

"जोर लावल्याशिवाय कसं सुटंल?"

"मले तुमचा जोर माहीत हाये. आता मी सांगीन तितकंच."

सूज उतरल्यावर तिनं माझ्यापुढे परातीत कणकेचा गोळा ठेवला. मुठीत धरायचा, दाबायचा, सोडायचा. दहा वेळा. मी अकराव्यांदा दाबला तर परात उचलून नेली. "दहा म्हणजे दहा."

मग तिनं स्वयंपाकघरातल्या वस्तू जाडीप्रमाणे ओळीनं मांडल्या. आधी खलबत्त्याची मुसळी. मग लाटण्याचा मधला फुगीर भाग. मग लाटण्याचं टोक. मग झाऱ्याची दांडी. शेवटी चमचा. एका वस्तूवर मूठ पूर्ण मिटल्याशिवाय पुढची हातात द्यायची नाही. आमच्याकडे भोक मोजायला गेजांचा संच असतो. हा तसाच संच होता. मी तो पाहिला आणि न सांगता मुसळी मुठीत धरली.

ताटात हरभरे टाकून ती सांडशीनं एकेक उचलून दुसऱ्या ताटात टाकायला लावायची. चाळीस हरभऱ्यांना पहिल्या दिवशी अर्धा तास लागला. घाम आला. मिलच्या भट्टीपुढे कधी इतका आला नव्हता.

आमची रुचिता तेव्हा आठवीत. ती मराठी ऐकते, उत्तर हिंदीत देते. मी पुऱ्या लाटताना ती दारात उभी राहिली.

"पापा, ये पूरी है कि छत्तीसगढ़ का नक्शा?"

"तू खाशीन ना?"

"खाऊंगी तो. पर रायपुर वाला हिस्सा कच्चा है."

"रोज नवा जिल्हा काढून राहिले तुझे पप्पा," सरिता म्हणाली. "हसू नको, पोट्टे. हात चालून राहिला."

शेवटच्या आठवड्यात शेवेचा पितळी साचा आला. घट्ट पीठ भरून दांडा फिरवायचा. साच्याला आटे असतात. पाच फेऱ्यांनंतर मनगट थरथरू लागलं की ती साचा काढून घेई. "थरथरला की थांबायचं. मग दहा मोजायचं. मग पुढं." दिवाळीला अजून अवकाश होता, पण शेजाऱ्यांनी त्या आठवड्यात भरपूर शेव खाल्ली.

महिना भरला. गंगाधरनं मला मशीनपुढे उभं केलं आणि पाना हातात दिला. सहा नट बरोबर बसले. सातव्याला मनगट थरथरलं. मी पाना खाली ठेवला. आजूबाजूचे सगळे माझ्याकडे बघत होते. मी मनात दहा मोजले, पाना उचलला आणि सातवा कसला. पुन्हा दहा मोजले. आठवा कसला.

गंगाधरनं स्वतःचा पाना लावून आठही नट तपासले. एकही हलला नाही.

"मधे काहून थांबला?"

"सातवा कच्चा कसला गेला असता."

त्यानं मान हलवली. "उद्यापासून पहिल्या पाळीत ये."

घरी आलो तेव्हा सरिता दारातच होती.

"किती?"

"आठ."

"दुखलं?"

"आठव्याला."

"मग उद्या सातच कसा."

"मिलले असं सांगता येत नाही."

"मिलले कोण सांगून राहिलं? तुम्हाले सांगून राहिली," ती म्हणाली आणि माझा हात हातात घेऊन मनगटावर सूज आहे का ते अंगठ्यानं दाबून पाहू लागली.