तिथीनं वाढलेली मुलगी

माझे बाबा तमिळ मुलखात, अड्यारच्या एका संस्थेत मुलांच्या उंचीचे आकडे सांभाळायचे. शाळाशाळांतली हजारो पोरं दर वर्षी मोजायची आणि ती कशी वाढतात ते पाहायचं, हे त्यांचं काम. हजारोंनी भागेना म्हणून त्यांनी घरात मलाही धरलं. वाढदिवसाच्या सकाळी आई औक्षण करायची आणि कुंकू वाळायच्या आत बाबा मला चौकटीशी उभं करून डोक्यावर पोळपाट ठेवायचे. आकडा लगेच कॉम्प्युटरवर, संस्थेच्या पोरांच्या रेषेशेजारी.

मला बारावं लागलं तेव्हा माझी रेषा भलतीच चढली. बाबा आठवडाभर मिशीत हसत होते. पुढच्या वाढदिवसाला ती अर्ध्या सेंटिमीटरनं कमी चढली आणि घरावर अवकळा पसरली. अर्धा सेंटिमीटर म्हणजे माझ्या करंगळीचं नख. पण बाबांच्या एका सहकाऱ्यानं वाढीच्या इंजेक्शनांची बातमी आणली, रोज एक, कित्येक वर्षं, आणि माझी पाचावर धारण बसली. मी गुपचूप दाराला लोंबकळायला लागले. दार कुरकुरायला लागलं, मी होते तेवढीच राहिले. सगळ्यात वाईट वाटायचं ते बाबांच्या बघण्याचं. चुकलेल्या बेरजेकडे बघावं तसे ते माझ्याकडे बघायचे.

शेवटी नुंगंबाक्कमच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाबांनी आलेख टेबलावर पसरला. बाईंनी विचारलं, मोजता कधी. आईचं तमिळ भाजीवालीपुरतं, पण उत्तर तिनंच दिलं, "दर वर्षी हिच्या तिथीला."

बाईंचं पेन थांबलं. "अम्मा, इथे तिथी मेलेल्या माणसाची करतात. मुलगी तर समोर बसलीय."

बाबांनी घाईघाईनं खुलासा केला की आमच्याकडे वाढदिवसही तिथीनं करतात, मार्गशीर्षातली पंचमी, तारीख जरा मागेपुढे होते. जरा म्हणजे किती, बाईंनी विचारलं. बाबा बोटांवर महिने मोजायला लागले. माझ्या त्या चढाच्या वर्षी अधिक महिना आला होता. ते वर्ष तेरा महिन्यांचं, आणि पुढचं पंचांगाच्या हिशेबानं कॅलेंडरपेक्षा दहा-अकरा दिवसांनी तोकडं. परक्या पोरांच्या तारखा डोळ्यांत तेल घालून तपासणारा माणूस स्वतःच्या पोरीला पंचांगावर मोजत होता. त्यांनी तिथेच दोन्ही वर्षांच्या वाढीला खऱ्या दिवसांनी भागलं. घसरण गेली, आणि तिच्याबरोबर माझा तो रुबाबदार चढही गेला.

इंजेक्शन टळलं. बाईंनी आईबाबांकडे नखशिखान्त पाहिलं आणि या घरात ताडमाड कुणी निघेल अशी आशा ठेवू नका म्हणाल्या.

आम्ही बसनं घरी निघालो. अड्यारचा पूल आला तेव्हा बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तू कमी पडली नव्हतीस गं. वर्ष कमी पडलं होतं."

इंजेक्शन टळल्यावरही न आलेलं रडू मला तिथे भर बसमध्ये आलं.